पुन्हा लावलेलं कुलूप

‘कधी अटक झाली आहे का?’ या अर्जातल्या प्रश्नापुढे ‘हो’ लिहून किल्लीने पेन काउंटरवर आपटलं. ते घरंगळत बाबांच्या हाताशी गेलं. बाबांनी कानस थांबवली, पेन उचलून तिच्यासमोर ठेवलं आणि पुन्हा कानस चालवायला लागले.

“सविस्तर लिहा म्हणे! चार ओळींची जागा सोडलीय आणि म्हणे सविस्तर.”

“मग थोडक्यात लिही.”

“काय लिहू? तुम्हीच सांगा ना.”

बाबांनी हातातल्या नव्या चावीचे दाते डोळ्यांजवळ नेऊन बघितले.

तिचं खरं नाव वेगळंच होतं. पण रांगत्या वयात दुकानातला चाव्यांचा जुडगा हातात असल्याशिवाय ही पोर झोपायची नाही, म्हणून किल्ली. आता चांगली पंचविशी उलटली होती, प्राण्यांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून उभी असायची, पिसाळल्यासारखं करणारं मांजरही तिच्या हातात गप्प व्हायचं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तर धमकीच दिली होती, “पशुवैद्यकीला अर्ज कर, नाहीतर कामावर येऊ नकोस.” मार्क होते, अनुभव होता, फी भरायची सोय होती. अडलं होतं ते त्या एका ‘हो’पाशी.

मागच्या वर्षी अर्ज परत आला, कारण पोलिसांचा कागद जोडला नव्हता. ठाण्यात गेली तर म्हणाले, तक्रार मागे घेतली, खटला झालाच नाही, मग कागद कसला? कॉलेजात गेली तर म्हणाले, खटला झाला नाही असा कागद आणा. वर्षभर नुसते हेलपाटे. एकाने टोलवायचं, दुसऱ्याने परत टोलवायचं, आणि मधल्या मध्ये हिच्या चपला झिजल्या. शेवटी ठाण्यातल्या कुणाला तरी दया आली आणि जुन्या नोंदीची प्रत मिळाली. तीत लिहिलं होतं, ‘वडिलांच्या दुकानातून चोरलेल्या हत्यारांसह बंद घराच्या दारापाशी पकडण्यात आले.’ चोरलेल्या! हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही, पण छापलेलं वाचून तिचं डोकं असं फिरलं की त्या दिवशी घरी येऊन ती जेवलीच नाही.

घडलं होतं एवढंच. समोरच्या इमारतीतलं कुटुंब गावाला गेलं आणि कुत्रं आत कोंडून गेलं. पहिल्या दिवशी भुंकणं, मग रडणं, मग नुसतं दार खरवडणं. पोलिसांना फोन केला तर म्हणाले, बघू. किल्ली तेव्हा कॉलेजात शिकत होती. ती धावत दुकानात आली. “बाबा, ते मरेल हो!” मालकाच्या परवानगीवाचून बाबांना कुलूप उघडता येत नव्हतं, लायसन्स गेलं असतं. परवाना नसलेल्याच्या हातात हत्यारं दिली, तरीही गेलं असतं. बाबांनी रस्त्यावर एक नजर टाकली. मग त्यांनीच खणातली लहान पिशवी काढून तिच्या हातात दिली.

“कुत्रं काढ, कुलूप लाव आणि ये. दोनदा ओढून बघ.”

हा त्यांच्या घरचा शिरस्ता. उघडलेलं कुलूप आपल्या हाताने परत लावायचं आणि दोनदा ओढून बघायचं. चोर असता तर केव्हाच पसार झाला असता. ही कुलूपवाल्याची पोर! कुत्र्याला जिन्यात पाणी पाजलं, दवाखान्यात पोचवलं आणि शहाणी कुलूप लावायला परत वर गेली. दुसऱ्यांदा ओढत होती, तेव्हा रखवालदाराने मनगट धरलं.

बाबा ठाण्यात आले. साहेबांनी विचारलं, हत्यारं कुणी दिली? बाबा तिच्याकडे न बघता म्हणाले, “माझ्या नकळत नेली.” लायसन्स वाचलं. त्यावर घर चालत होतं, दादाचं शिक्षण चालत होतं, तिचंही. ती समजून गेली. घरी पोचल्यावर आई तेवढी म्हणाली, “एका कुत्र्यापायी काय हे!” त्यानंतर तो विषय कुणी काढला नाही.

मुलाखतीचं बोलावणं आलं. बाबा दुकान बंद ठेवून बरोबर आले. खांद्यावर हत्यारांची पिशवी होती. वाटेत एखादं काम निघालं तर, म्हणाले. किल्ली आत गेली, ते बाहेरच्या बाकावर बसले.

टेबलापलीकडे तिघं होते. मधल्या बाईंच्या समोर नोंदीची प्रत आणि शेजारी तिचा अर्ज होता.

“तुम्ही लिहिलंय, ‘कुत्र्याला सोडवण्यासाठी कुलूप उघडलं.’ हत्यारांबद्दल काहीच नाही. नोंदीत मात्र चोरलेली असं आहे.”

“हो.”

“मग खरं काय? चोरली होतीत, की कुणी दिली होती?”

दार पुरतं लागलं नव्हतं. फटीतून तिला बाकाचा कोपरा आणि बाबांचा एक बूट दिसत होता. ‘दिली’ म्हटलं की हे लोक विचारणार, कुणी? ते नाव कागदावर जाणार, आणि कागद कुठे कुठे फिरतात ते तिने वर्षभर पाहिलं होतं. गेली तीन वर्षं बाबांना बारीक दिसत नव्हतं, दुसरं काम त्यांना येत नव्हतं. संतापाने तिची कानशिलं तापली. खरं सांगायला आली होती ती इथे!

“चोरली,” ती म्हणाली.

बाई खुर्चीत मागे टेकल्या. शेजारचे गृहस्थही जरा सैलावले.

“पश्चात्ताप होतो?”

परत कुलूप लावायला गेले याचा होतो, हे अगदी जिभेवर आलं होतं. तिने ते गिळलं.

“होतो.”

“हे बघा,” बाई मायेने म्हणाल्या, “चूक कुणाच्याही हातून होते. पण बरेच जण इथे येऊन कहाण्या सांगतात. तुम्ही सरळ कबूल केलंत. आम्हाला असाच प्रांजळपणा हवा असतो.” त्यांनी अर्जावर सही केली आणि हसून तिच्याकडे पाहिलं. किल्लीने आभार मानले.

बाहेर येऊन तिने दार ओढून घेतलं. बाबा उठून उभे राहिले.

“काय झालं?”

“घेतलं.”

“घेतलं?” त्यांचा चेहरा उजळला. “बघ! मी म्हणत नव्हतो? हत्यारांचं विचारलं का गं?”

“विचारलं.”

“मग? काय सांगितलंस?”

“तुम्ही सांगितलं होतं तेच.”

कॉरिडॉरमधून कुणीतरी फाइली घेऊन गेलं, म्हणून दोघं भिंतीला सरकली. बाबांनी खांद्यावरची पिशवी काढून तिच्या हातात दिली.

“धर जरा,” म्हणाले, आणि बुटाची नाडी बांधायला खाली वाकले. नाडी सुटलेली नव्हती. ते बराच वेळ वाकलेलेच राहिले, आणि ती पिशवी धरून उभी राहिली.