मागच्या चाकाचे कुलूप

मी एक जुनी सायकल आहे आणि गेली तीन वर्षे माझ्या मागच्या चाकाला कुलूप आहे. जिन्याखाली, पाण्याच्या मोटारीशेजारी मी उभी असते. माझी किल्ली हरवली असे घरातले सगळे म्हणतात. मित्रांनो, ती हरवलेली नाही. पण ते शेवटी सांगते, नाहीतर माझी बाकीची हकीकत तुम्ही ऐकणारच नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. काळा रंग, जाड नळ्या, रुंद कॅरिअर आणि घंटी अशी, की गल्लीच्या टोकावरचा माणूस वळून बघे. पोस्टाने एकदम वीस सायकली घेतल्या, त्यांत मी होते. ज्या तरुण पोस्टमनच्या हाती मला सोपवले, त्यांनाच मी पुढे बाबा म्हणू लागले, कारण त्यांची मुलगी तसे म्हणायची.

बाबांचा एक नियम होता. टपाल असलेली सायकल उघडी सोडायची नाही. उतरले की स्टँड, मग कुलूप, मग किल्ली शर्टाच्या खिशात. एका दारात एकच पत्र टाकायचे असले तरी हे सगळे व्हायचे. ह्याला शिंक आली तरी हा आधी कुलूप लावेल, असे पोस्टातले लोक त्यांना चिडवत. मला मात्र ते ‘खटक्’ आवडायचे. कोणाला तरी आपली काळजी आहे, असे वाटायचे.

सुट्टीच्या दिवशी मुलगी माझ्या कॅरिअरवर डबलसीट बसायची आणि बाबांचा खाकी शर्ट मागून घट्ट धरायची. चढ आला की म्हणायची, “बाबा, मी श्वास रोखून धरते, म्हणजे वजन कमी होईल.” मला तिचे ओझे कधीच झाले नाही. पुढे ती मोठी झाली आणि त्याच पोस्टात, त्याच भागात टपाल वाटू लागली. पोस्टाने जुन्या सायकली काढून टाकल्या तेव्हा बाबांनी मला घरी आणले होते, म्हणून तिच्या वाट्यालाही मीच आले. लोक तिला पोस्टमनताई म्हणायचे. तीही उतरली की स्टँड, मग कुलूप. तिच्या पँटच्या कमरेशी एक छोटा खिसा होता, किल्ली त्यात जायची. संध्याकाळी घरी आली की ती किल्ली बाबांच्या हातात द्यायची.

मग बाबांना अर्धांगाचा झटका आला. बोलणे परतले, हातही बराच सुधारला, पण उजवा पाय मागे राहू लागला. रोज चालायला हवे, असे डॉक्टरांनी बजावले. बाबा खिडकीशी खुर्ची टाकून बसून राहिले.

“कुठे जायचंय मला?” ते म्हणायचे. “टपाल थोडंच वाटायचंय आता.”

मी तेव्हा त्यांच्या समोरच्याच भिंतीला टेकलेली असायचे. ते माझ्याकडे बघायचे आणि मान फिरवायचे. मित्रांनो, मला फार वाईट वाटायचे.

एक दिवस टपालात पत्रकांचा गठ्ठा आला. शहराबाहेरच्या तलावावर ट्रायथलॉन होणार होती. आधी पोहायचे, मग सायकल, मग धावायचे, सगळे न थांबता. ताईने एक पत्रक घरी आणून वाचून दाखवले.

“सायकल कोणतीही चालेल म्हणतात,” ती म्हणाली. “ब्रेक लागले म्हणजे झालं.”

“तिचे लागतात,” बाबा म्हणाले. माझी बाजू घेऊन ते बऱ्याच दिवसांनी बोलले होते.

“मग ठरलं. निकालाच्या कागदावर माझं नाव आलं, तर तुम्ही रोज कोपऱ्यापर्यंत चालायचं. नाही आलं, तर मी पुन्हा चालण्याचं नाव काढणार नाही.”

“शेवटून पहिलं आलं तरी चालेल?”

“चालेल. पण नाव पाहिजे.”

बाबांनी हो म्हटले. हिला काही जमायचे नाही, असे त्यांना वाटले असावे. ती लहानपणी पोहायला शिकली होती, ते आता पुन्हा सुरू झाले. पहाटे पोहणे, मग धावणे आणि दिवसभर मी होतेच. चार महिने तिने घाम गाळला. खुर्चीतून बाबा सगळे पाहत होते, पण तोंडाने कधी शाबास म्हणाले नाहीत.

शर्यतीच्या सकाळी मला तलावाच्या काठी, लोखंडी कुंपणाच्या आत नेले. तिथल्या सायकली पाहून मी चक्रावलेच. करंगळीवर उचलता येतील इतक्या हलक्या. कॅरिअर नाही, मडगार्ड नाही, स्टँडसुद्धा नाही. बिचाऱ्यांना सीटने दांड्यावर लटकावून ठेवले होते. एका स्पर्धकाने मला पाहून ताईला विचारले, “माझं काही टपाल आहे का हो?”

“असलं तर घरी येईल,” ताई म्हणाली आणि तिने मला रुबाबात स्टँडवर लावले. बोलता बोलता तिचा हात मागे गेला. खटक्.

तिच्या ते लक्षातही आले नाही. पोहण्याच्या कपड्यांना खिसा नसतो, म्हणून कुंपणापलीकडे उभ्या असलेल्या बाबांच्या हातात तिने किल्ली दिली, रोज संध्याकाळी देते तशी. बाबांनी ती शर्टाच्या खिशात टाकली. त्या दिवशी त्यांनी मुद्दाम आपला जुना खाकी शर्ट घातला होता. शेजारच्या काकांनी त्यांना गाडीत बसवून अंतिम रेषेकडे नेले. ती रेषा तलावाच्या दुसऱ्या टोकाला होती. तिथे त्यांना खुर्ची मांडून दिली आणि काका गाडी लावायला गेले.

शिट्टी झाली. मला पाणी दिसत नव्हते, फक्त आवाज आला. शर्यतीत सायकलीच्या वाट्याला मधलाच भाग येतो. सुरुवात तिला दिसत नाही आणि शेवटही. उभे राहून वाट बघायची, एवढेच तिच्या हातात असते.

ताई पाण्यातून आली ती शेवटच्या पाचसहा जणांत. दम लागलेला, पण चेहरा हसरा. तिने हँडल धरले, ढकलले आणि मी जागची हलले नाही. तिचा हात कमरेशी गेला. तिथे खिसा नव्हता. मग तिला सगळे कळले. तिने माझे मागचे चाक उचलून दोन पावले नेले आणि खाली ठेवले. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या वजनाची लाज वाटली.

बाकीच्या सायकली गेल्या. त्या मोकळ्या दांड्यांमध्ये ती तशीच उभी राहिली. तेवढ्यात कुंपणाबाहेरून आवाज आला, “जरा बाजूला व्हा. वाट द्या.”

बाबा होते. खुर्चीत बसल्यावर त्यांचा हात रुमालासाठी खिशात गेला आणि किल्ली लागली, तेव्हा त्यांच्या लक्षात आले. काका जवळ नव्हते, म्हणून ते एकटेच निघाले. कुंपणाचा एकेक गज धरत, उजवा पाय ओढत, अख्खा काठ चालून ते आले होते. शर्ट घामाने भिजला होता. त्यांनी गजांमधून हात आत घातला.

पंच धावत आले. “आजोबा, थांबा. बाहेरून काही देता येत नाही. दिलंत तर यांचं नाव निकालात लागणार नाही.”

नियमाचे नाव काढल्यावर बाबांनी हात मागे घेतला. आयुष्यभर नियमाने वागलेला माणूस तो. पण ताईचे लक्ष किल्लीकडे नव्हतेच. ती त्यांच्या पायांकडे बघत होती.

“बाबा, तिथून चालत आलात?”

“मग काय उडत येऊ?”

ती हसली आणि रडली, दोन्ही एकदम. “द्या ती किल्ली.”

“अगं, नाव जाईल तुझं.”

“जाऊ दे.”

मग आम्ही निघालो. वीस किलोमीटर. माझी चेन कुरकुरली, मडगार्ड खडखडले, पण ब्रेक लागले आणि मी तिला कुठेही खाली उतरू दिले नाही. पुढे कोणी नव्हते, मागेही कोणी नव्हते. परत आल्यावर तिने मला स्टँडवर लावले, आणि सवय ती सवय, खटक्! मग ती पाच किलोमीटर मुठीत किल्ली घेऊन धावली. मला ते दिसले नाही. पण बऱ्याच वेळाने लांबून टाळ्या ऐकू आल्या. लोक कमी उरले होते, म्हणून टाळ्याही थोड्याच होत्या.

ताई कुंपणाशी परत आली तेव्हा निकालाचा कागद तिथल्या फळ्यावर लागला होता. दोघांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला.

“हरले मी, बाबा,” ती म्हणाली. “आता चालण्याचं नाव काढणार नाही.”

“कागदावर नाव नाही खरं,” बाबा म्हणाले. “पण मी तिथून इथवर चाललो त्याचं काय करायचं?”

कुंपणाला टेकत ते म्हणाले, “उद्यापासून कोपऱ्यापर्यंत. पण आता मात्र पाऊल उचलत नाही.”

काकांची गाडी लांब होती. तिने बाबांना माझ्या कॅरिअरवर बसवले आणि आम्ही गाडीपर्यंत डबलसीट गेलो. वाटेत अंतिम रेषा लागली. कमानीतली हवा काढत होते, एक बाई कागदी पेले झाडून गोळा करत होत्या. त्या रेषेवरून माझी दोन्ही चाके गेली. बाबांनी मागून ताईचा टीशर्ट घट्ट धरला होता.

त्यानंतरची दोन वर्षे माझ्या आयुष्यातली सर्वांत सुखाची. ताईला पोस्टाची बॅटरीवरची गाडी मिळाली आणि मी बाबांकडे राहिले. रोज संध्याकाळी ते माझ्या हँडलचा आधार घेऊन मला ढकलत कोपऱ्यापर्यंत न्यायचे आणि परत आणायचे. माझ्यावर बसणे त्यांना जमत नव्हते. ते हळूहळू चालायचे आणि मीही हळूहळू चालायचे. घरी आलो की स्टँड, मग कुलूप, मग किल्ली खिशात.

एका संध्याकाळी आम्ही असेच परत आलो. त्यांनी कुलूप लावले, खाकी शर्ट काढून खुंटीला अडकवला आणि आत जाऊन आडवे झाले. ते पुन्हा उठले नाहीत.

काही दिवसांनी ताईने तो शर्ट खुंटीवरून काढला. चेहऱ्याशी धरला. धुतला नाही. बटणे लावून, घडी घालून तिने तो पेटीत ठेवला. ती पेटी जिन्याखाली माझ्या शेजारीच आहे, आणि तेव्हापासून तिने ती उघडलेली नाही. किल्लीसाठी तिने सगळे कप्पे पालथे घातले. सायकलवाला म्हणाला, “दोन घाव घातले की तुटेल कुलूप.” ती म्हणाली, “नको, राहू दे. बाबांनी लावलंय ते.”

मित्रांनो, माझ्या टायरमध्ये हवा नाही आणि चेन गंजली आहे. पण त्याचे मला फारसे काही नाही. तेल आणि हवा कुठेही मिळते. मला फक्त कोपऱ्यापर्यंत जायचे आहे. तुमच्या घरातल्या जुन्या सायकलींना अधूनमधून पुसत जा, त्यांना बाहेर न्या, एवढीच विनंती. आणि कधी आमच्या दारी आलात, तर पोस्टमनताईला माझा एक निरोप द्या. म्हणावे, एकदा पेटी उघड. रडू आले तरी उघड. शर्टाच्या डाव्या खिशात हात घाल.