कुजलेली फळी

मी इनास लुद्रिक, मालवणात होड्या दुरुस्त करणारा सुतार. रविवारच्या मिसाला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, माझी हजेरी कमी, हे सगळ्या पॅरिशला ठाऊक आहे.

त्या सकाळी सायमनची पर्यटकांची होडी नव्या निळ्या रंगात किनाऱ्यावर उभी होती आणि हंगामाआधीचा आशीर्वाद द्यायला फादर आले होते. तळाची एक फळी कुजली आहे, असं मी सायमनला दोनदा बजावलं होतं. त्याने तिच्यावर रंग फासला. रंगावर होडी तरंगते काय?

फादरांनी पवित्र पाण्याची बाटली उघडली, तसा मी पुढे झालो आणि फळीत पटाशी खुपसली. लाकूड भिजल्या पावासारखं बाहेर आलं.

"मिसाक कधी दिसणस नाय, आणि आज आमका धर्म शिकवतंस?" सायमन ओरडला.

"ह्याच माझा मीस," मी म्हणालो. "फादर पाणी वरसून शिंपडतले, पण समुद्राचा पाणी खालसून येतला."

फादरांनी बाटलीला झाकण लावलं आणि झग्याच्या बाह्या वर सारल्या.

"इनास, नवी फळी घेवन ये. एक टोक मी धरतंय, दुसरा सायमन धरतलो."