मुक्या देवीचा पहिला कौल

साक्रीच्या पुढे डोंगर सुरू होतात, तिथल्या आंबेखोरे गावात देवी प्रकट झाली तेव्हा तिचं वय तीन वर्षं दोन महिने होतं आणि नाक पुसायला तिला अजून माणूस लागत होता.

म्हणून काही रांग थांबली नव्हती. मारुतीच्या पारापासून जिल्हा परिषदेच्या शाळेपर्यंत माणूस उभा होता. धुळ्याहून जीपा भरून येत होत्या, भुसावळहून रेल्वेतली माणसं रजा टाकून आली होती. मंडपात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर पैठणी अंथरून सिंहासन केलेलं. त्यावर पुठ्ठ्याचा मुकुट घातलेली दिव्यांशी, घरातली दिवू. समोर दोन ताटं. हळदीवर हात ठेवला तर ‘हो’, कुंकवावर ठेवला तर ‘नाही’. देवी बोलत नसे. मौन हेच तिचं तेज, असं मौनीमहाराज सांगत. महाराज स्वतः मौनव्रती असल्यामुळे फक्त माईकवर बोलत.

“बोला, माउलीला काय विचारायचं? लग्न, नोकरी, शेजाऱ्याची नजर, बोअरचं पाणी! विज्ञान जिथे हात टेकतं, तिथे माउली हात ठेवते!”

हा आवाज डॉ. सुलक्षणा बाविस्करांनी ओळखला. साक्रीच्या आठवडी बाजारात याच आवाजात उंदराचं औषध विकलं जायचं. विकणाऱ्याचं नाव तोताराम. उंदीर तेव्हाही मरत नसत, पण आवाज खणखणीत होता.

बाई रांगेतून आल्या होत्या. धुळ्यात बावीस वर्षं त्या लहान मुलांच्या मनाच्या डॉक्टर होत्या, त्यातही पाच वर्षांच्या आतल्या. हे शिकायचं म्हणाल्या तेव्हा त्यांचे वरिष्ठ हसले होते, “तीन वर्षांच्या पोराला कसलं आलंय मन? आधी दाढा तरी येऊ देत.” त्यांच्या खोलीत खुर्च्या कमी आणि चटई मोठी. आईबाप मूल घेऊन येत, चटईवर बसत, आणि बाई अर्धा तास नुसत्या बघत. बाहेर पडताना लोक कुरकुरत, “ना सुई, ना सलाईन. ही बाई तपासतच नाही!” बाई तेव्हा मूल घाबरल्यावर कुणाकडे बघतं ते तपासत असत.

त्यांना बोलावलं होतं अंगणवाडीच्या धुरपदाबाईंनी. “मॅडम, ही पोर माझ्या अंगणवाडीत पोपटासारखी बोलायची. ‘खाऊ दे, झोका दे, गाय आली’, समदं. दिवाळीपास्नं गप झाली. आन् आता आखाजीला हिला कायमची मठात ठेवणार. आईला महिन्यातून एक डाव दर्शन.”

आखाजी म्हणजे खानदेशात लेकींचा सण. सासरच्या लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. त्याच दिवशी तीन वर्षांची लेक आईपासून तोडायचा मुहूर्त तोतारामने काढला होता. आखाजी परवावर आली होती.

मंडपात पुखराज शेठ पुढे झाले. “माताजी, माझं दुकान साक्रीत आहे का?”

हात हळदीवर. टाळ्या.

“मला तीन मुलं आहेत का?”

हात कुंकवावर. शेठना दोनच होती. शेठ गहिवरले. ही सगळी माहिती त्यांनी तासाभरापूर्वी मंडपाबाहेर छगन नावाच्या शिष्याकडे अर्जात स्वतःच्या अक्षरात लिहून दिली होती, याचा त्यांना गहिवराच्या भरात विसर पडला.

सगळा मंडप देवीच्या हाताकडे बघत होता. बाई सवयीने डोळ्यांकडे बघत होत्या. पोर ना शेठकडे बघत होती, ना ताटाकडे. तिची नजर समोर बसलेल्या आईवर, मेघावर, खिळली होती. मेघाची नजर पोरीच्या मागे, तोतारामच्या खांद्यावर. तो चवरी ढाळत होता, कधी उजव्या खांद्यावर, कधी डाव्या. चवरी उजवीकडे गेली की मेघाचे डोळे हळदीकडे वळत, डावीकडे गेली की कुंकवाकडे. आईचे डोळे जिकडे, पोरीचा हात तिकडे.

आणखी एक गोष्ट बाईंनी पाहिली. सिंहासनाशेजारी देवीचे पिताजी, म्हणजे किरण, भगवा शेला घालून उभे होते. किरणने नुसता पाय बदलला तरी मेघाचे खांदे वर जात, आणि क्षणात पोरीचेही.

बाईंनी शेजारी उभ्या धुरपदाबाईंच्या पिशवीतून खण-नारळ घेतला.

“महाराज, प्रश्न आहे. पण आधी देवीला जन्म दिला त्या माउलीची ओटी भरायची आहे.”

तोताराम क्षणभर थबकला. ओटीला नाही म्हणेल असा महाराज अजून जन्मायचाय. बायका सरसावल्या, “भरा, भरा! पाट आणा गं!”

“तोंड पूर्वेला हवं,” बाई म्हणाल्या. पूर्व सिंहासनाच्या बरोबर उलट्या दिशेला होती. मेघा उठली, पाटावर बसली, पोरीकडे पाठ झाली. तिने पदर पसरला, मान खाली घातली. बाईंनी नारळ दोन्ही हातांत उंच धरला.

“आता प्रश्न. माझ्या हातात नारळ आहे का?”

मंडप हसला. “असा काय प्रश्न बाई!” तोतारामही हसला. चवरी उजवीकडे गेली, तिथेच थांबली, पुन्हा गेली.

देवीचा हात उचलला गेला आणि हवेत अडकला. तिने आईकडे पाहिलं. तिथे नुसती पाठ होती. हात हळदीवर नाही, कुंकवावर नाही. हसू ओसरलं.

“दिवू! हळद!” किरण दबक्या आवाजात गुरकावला आणि एक पाऊल पुढे आला.

पोरीने दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि मान खांद्यांत ओढली. मारापासून डोकं वाचवतात तशी. मुकुट घरंगळला. सगळ्या मंडपाने ते पाहिलं. मग देवी सिंहासनावरून उतरली, ओटीच्या पाटाला वळसा घालून आईपुढे गेली आणि दोन्ही हातांनी तिची हनुवटी धरून तोंड वर केलं. तिला नारळाशी कर्तव्य नव्हतं. आईचे डोळे हवे होते.

“देवी कोपली!” माईक ओरडला. “अपवित्र प्रश्न विचारला!”

“मग पवित्र प्रश्न तुम्ही विचारा, तोतारामभाऊ,” बाई म्हणाल्या. “फक्त चवरी इकडे द्या.”

खरं नाव ऐकून माईक बंद पडला. बाईंनी चवरी, डोळे आणि हात ही साखळी गावाला उलगडून सांगितली. पुखराज शेठना अर्जही आठवला.

“मेघा, तुला हे करायला कोणी सांगितलं?”

“महाराज म्हणाले, चवरीकडे बघत राहा, कृपा राहते. नाही बघितलं तर घरी गेल्यावर...”

“घरी गेल्यावर काय? आणि दिवाळीत काय झालं होतं?”

आता सबंध गावच मौनी झालं. कुणी चपला शोधू लागलं, कुणी मंडपाचं कापड किती मीटर असेल ते मोजू लागलं. शेवटी झुंबरबाई, किरणची आई, खांबाला धरून उठली.

“मी सांगस. मन्हा पोऱ्यानी मन्ही सूनले लाकूडवरी मारं. पोर तठेच बशेल व्हती. बठ्ठा गावले ठाऊक शे. देवी उनी म्हणतस! देवी नही, भ्याव शे तो.”

“आई, उगी ऱ्हाय!”

“इतला दिन उगीच व्हतू रे!”

बाईंनी माईक घेतला नाही. “लहान आहे, विसरून जाईल, असं आपण म्हणतो. तीन वर्षांचं पोर विसरत नाही, त्याला सांगता येत नाही एवढंच. जग बरं आहे की वाईट, हे ते आईच्या चेहऱ्यावर वाचतं. तो चेहराच घाबरलेला असेल तर दिवसभर तेच वाचत बसतं, बोलायला सवड कुठून मिळणार? हिला बरं करायला मंत्र लागत नाही. घरातला मार थांबायला हवा, आईला आधार हवा, आणि कुणीतरी रोज हिच्याशी बोलायला हवं. तुम्ही सहा महिने हिला शांत ठेवलंत. उपचाराच्या नेमकं उलट.”

आखाजीला मठ रिकामा राहिला. मेघा पोरीला घेऊन माहेरी गेली. तोताराम जीपमधून निसटला. सध्या तो तापीकाठच्या एका गावात बोलणाऱ्या बैलाच्या शोधात असल्याचं कळतं. बैल अजून कबूल झालेला नाही.

त्यानंतर दर बुधवारी साक्रीची एसटी मेघाला आणि दिवूला धुळ्यात आणून सोडू लागली. चटईवर लाकडी गाय, झोका, दोन बाहुल्या. पहिल्या आठ बुधवारी काहीच घडलं नाही. चमत्काराला एक सेकंद पुरतो, उपचाराला पुरत नाही. झुंबरबाई सुनेच्या बाजूने पोलिसांत जबाब देऊन आली होती. त्यामुळे किरणला हात आवरायला शिकण्यासाठी वेगळ्या दिवशी, वेगळ्या डॉक्टरांकडे यावं लागे, आणि तो कुरकुरत का होईना येत होता.

अकराव्या बुधवारी बाईंनी त्याला पहिल्यांदा त्या खोलीत बोलावलं. तो दाराशीच बसला, सांगितलं होतं तितका लांब. थोड्या वेळाने त्याने सवयीने पोरीला उचलायला हात पुढे केले.

दिवूने आईकडे पाहिलं. आईचे डोळे या वेळी कुठेच वळले नाहीत, पोरीवरच राहिले.

“नको,” दिवू म्हणाली.

स्पष्ट, खणखणीत, हळद-कुंकवाशिवाय. किरणने हात मागे घेतले.

मुक्या देवीने दिलेला हा पहिला खरा कौल. त्याला रांग नव्हती. गावोगावच्या मंडळींना एवढंच सांगणं आहे की, एखादं पोर गप्प झालं तर त्याला हार घालण्याआधी ते कधीपासून गप्प आहे ते विचारा, आणि त्या दिवशी घरात काय झालं तेही. उत्तर बहुतेक वेळा गावाला ठाऊक असतं.