पाखऱ्याची बारी आणि माझं भरलेलं तोंड

मी एक जुनी पॉवर बँक आहे. पण माझं रूप पाहाल तर मला जुनी म्हणायला तुमची जीभ रेटणार नाही. माझ्या एका अंगावर नाणेघाटाच्या धुक्यात उभी असलेली पांढरी पिकअप आहे, दुसऱ्या अंगावर माळशेजचं वळण. दोन्ही फोटो अक्षदाने काढले, मंचरच्या एका दुकानात माझ्यावर छापून घेतले आणि मला आपल्या भावाच्या, भरतच्या हाती दिलं. पिकअप त्याचीच. सुरुवातीला तो येईल त्या पाहुण्याला मला दाखवायचा. मग कौतुक ओसरलं आणि मी गाडीच्या खणात फडक्यांखाली जाऊन पडले. मनाला लागलं हो, खोटं कशाला सांगू!

पण मित्रांनो, गेल्या चैत्रातली ती बैलगाडा शर्यत! आठवली की माझे चारही दिवे एकदम लागतात.

भरतचे वडील धर्माजी बोरी बुद्रुकचे शेतकरी. पाखऱ्या नावाचा खोंड त्यांनी तीन वर्षं पोटच्या पोरासारखा जपला होता. त्या दिवशी तो पहिल्यांदाच घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर, पळणार होता. गाड्याचे बाकी तीन बैल आणि पुढे पळणारी घोडी सावळेराम मामांची. ती तिकडे पोचलीही होती. नंबर पुकारला आणि पाखऱ्या हजर नसला, तर बारी, म्हणजे पळायची पाळी, गेली! मग बसा पुढच्या जत्रेची वाट बघत.

सकाळी धर्माजींनी पाखऱ्याच्या कपाळाला भंडारा लावला, पिकअपच्या बॉनेटला लावला. तेवढ्यात, शर्यतीला न्यायची म्हणून खणातून काढून रात्रभर चार्ज केलेली मी अक्षदाच्या हातात त्यांना दिसले.

"आगं, ही बी आपलीच गाडी की! चित्रातली म्हनून काय झालं?" असं म्हणत त्यांनी माझ्यावर मूठभर भंडारा उधळला. मी तर हुरळूनच गेले! मग ते मोटारसायकलवरून पुढे गेले. पाखऱ्याला पिकअपमध्ये चढवून भरत आणि अक्षदा मागून निघाले.

मंचरला कांद्याच्या ट्रॅक्टरांनी रस्ता गच्च झाला होता. भरत निवांत होता. त्यांचा नंबर दुपारनंतरचा. इतक्यात धर्माजींचा फोन आला.

"भरत, फुडचे लई गाडे आलेच न्हाईत! आपला नंबर आत्ताच..."

आणि भरतच्या फोनचं चार्जिंग संपलं. घरातला दुसरा फोन धर्माजींच्याच खिशात. आतला रस्ता कुठून, हे या दोघांना ठाऊक नाही.

अक्षदाने मला घेतलं, वायर खुपसली. छे! शिरेचना. माझं तोंड भंडाऱ्याने ठासून भरलेलं! मी आतून काठोकाठ भरलेली आणि थेंबभर देता येईना. माझा जीव नुसता तळमळला.

अक्षदाने खाली उडी मारली, कडेच्या बाभळीचा काटा मोडला आणि माझं तोंड हळूहळू कोरलं.

"दादा, हॉर्न नको वाजवू, माझा हात हालतोय!"

तिने जोरात फुंकर मारली. वायर बसली. "लागला, दादा, लागला!"

फोन जिवंत होताच तिने सावळेराम मामांना फोनवर गाठलं आणि कुठे अडकलोय ते सांगितलं.

"पंपामागून कॅनॉलच्या रस्त्यानं घाला! तीनच गाडे राह्यलेत, पळा!"

काय पळाली म्हणता आमची पिकअप! धुरळा उडवत आम्ही पोचलो तेव्हा स्पीकरवर आमचाच नंबर पुकारत होते. पाखऱ्याला धावतच जुंपलं. झेंडा पडला. चार बैल, पुढे घोडी, आणि अख्ख्या घाटाची एकच आरोळी! बारा सेकंदांत गाडा पार!

धर्माजी मात्र घाटाकडे पाठ करून, डोळे मिटून उभे होते.

"पोरी, पळाला का गं?"

"आप्पा, तुमी बघितलंच न्हाई?"

"छातीच व्हईना गं."

अक्षदाने बारी फोनमध्ये टिपली होती. धर्माजी जमिनीवर बसले. त्यांनी ती पाहिली, डोळे पुसले, म्हणाले, "आजून एकदा लाव." असं नऊ वेळा! माझा शेवटचा दिवा लुकलुकत होता, तरी मी देत राहिले.

मित्रांनो, आम्हा मुक्या वस्तूंची पूजा नाही केलीत तरी चालेल. वेळच्या वेळी तोंड पुसा, भरून ठेवा. कोणाचा तरी पाखऱ्या वाटेत असतो.