दोर सोडून गेलेली टोपली

मित्रांनो, मी एक जुनी टोपली आहे, आणि माझं आयुष्य चार मजले उंच आणि हातभर रुंद आहे. नेपल्स शहरात, सानिता वस्तीतल्या एका अरुंद गल्लीत, दोन्ना नुन्त्सिया, म्हणजे आमच्या नुन्त्सियाबाई, मला दोराला बांधून गॅलरीतून खाली सोडतात आणि पुन्हा वर ओढतात. खाली जाताना माझ्या पोटात चिठ्ठी आणि नाणी, वर येताना पाव, चीज, टोमॅटो, कधी खोकल्याच्या औषधाची बाटली. गल्लीच्या कोपऱ्यापलीकडे काय आहे, हे मला कित्येक वर्षं ठाऊक नव्हतं.

मला विणलं डोंगराकडच्या आनिएल्लो नावाच्या म्हाताऱ्यानं. ओल्या काठ्या सोलून, गुडघ्यात दाबून, गुणगुणत त्यानं माझी वीण घातली आणि मग मला उपडी करून तो चक्क माझ्यावर बसला. मी करकरलेसुद्धा नाही. दोन्ना नुन्त्सिया तेव्हा नवी नवरी होत्या. त्यांनी मला जत्रेतून आणलं, तेव्हा अख्ख्या गल्लीनं माझ्या विणीवरून हात फिरवला होता. ते कौतुक मला बरीच वर्षं पुरलं.

पुढे दोन्नांचे गुडघे गेले. गेली सहा वर्षं त्यांनी जिना उतरलेला नाही. म्हणून रोज सकाळी ठीक आठला मी खाली जाते, आणि खालचा वाणी कार्मिने हाक घालतो, "दोन्ना नुन्त्सिया, आज कांदे गोड आहेत, तुमच्यासारखे!" वरून उत्तर येतं, "मेल्या, कालचे तुझ्यासारखे निघाले, आतून कुजके."

शुक्रवारी संध्याकाळी कोपऱ्यावरच्या मारियामातेच्या कोनाड्यापुढे फादर साबातो प्रवचन गातात. बोलता बोलता त्यांचा आवाज सुरात चढतो, बायका मागून सूर धरतात, आणि भिंतींनाही ओल फुटेल असं सारं भरून येतं. त्या वेळी मी दोरावर असले, तर दोन्ना दोर तसाच धरून ठेवतात. मी दुसऱ्या मजल्यापाशी लोंबकळत ऐकते. पण खरं सांगते, फादर गात असत ते संतांच्या प्रवासाचं. कोणी डोंगर ओलांडला, कोणी होडीतून गेला. आणि मला, देव क्षमा करो, संतांचाही हेवा वाटे.

अशात मारित आली. ही एस्टोनियाची मुलगी. दोन्नांच्या मुलाच्या रिकाम्या खोलीत दहा दिवस भाड्यानं राहिली. तिच्याजवळ एक हिरवी कापडी पिशवी होती. दिवसभर शहर हिंडून आली, की मारित ती माझ्याशेजारच्या खिळ्याला अडकवी. मग त्या पिशवीच्या तोंडाला खळ नसे.

"आज पिन्यासेकाच्या बाजारात गेले होते," ती म्हणे. "तळलेला पिझ्झा खाल्ला आम्ही. हा बघ तेलाचा डाग."

तो डाग मला एखाद्या पदकासारखा दिसे.

"काल चौकात रात्री एकापर्यंत गिटार चालू होती. अनोळखी लोक एकमेकांच्या गळ्यात हात घालून गात होते. तू काय केलंस?"

"खाली गेले."

"मग?"

"मग वर आले. दोन पाव आणि एक कांदा."

पिशवी हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "असू दे. कोणीतरी घरीही लागतंच की." त्या रात्री माझी एकेक काडी जळत होती. तिला समुद्राचा वास येत होता, मिरीच्या खुसखुशीत वेटोळ्यांचा वास येत होता, डोंगरावर चढणाऱ्या गाडीतल्या लोखंडाचा वास येत होता. मला येत होता कांद्याचा. मी मनातल्या मनात म्हटलं, मारियामाते, एकदा तरी मला या दोरावरून सोडव.

मित्रांनो, तिनं ऐकलं.

शेवटच्या संध्याकाळी मारित माझ्या कडेवर बोट फिरवत म्हणाली, "किती सुंदर टोपली आहे ही, दोन्ना नुन्त्सिया."

आता आमच्याकडची रीत अशी आहे. पाहुण्यानं वस्तूची तारीफ केली, की घरच्यानं म्हणायचं, तुझीच आहे, घेऊन जा. आणि पाहुण्यानं म्हणायचं, घेतल्यासारखीच आहे, राहू दे तुमच्याकडे. दोघांचा मान राहतो आणि वस्तू जागची हलत नाही.

"तुझीच समज, पोरी," दोन्ना म्हणाल्या.

"खरंच? पण तुम्हाला लागेल ना?"

"मला काय, दुसरी मिळेल. तुझीच आहे ती."

मारितनं त्यांचे दोन्ही गाल चुंबले. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं दोराची गाठ सोडली, किल्ली टेबलावर ठेवली आणि मला हातात घेऊन ती निघाली. विमान रात्रीचं होतं. दिवस मोकळा होता.

काय सांगू तो दिवस! गल्लीचा कोपरा वळला आणि पुढे आणखी एक कोपरा निघाला. मासळीवाल्यांनी माझ्यावर पाणी उडवलं. माझ्यात गरम पेस्ट्री आली, लिंबं आली, समुद्रकाठची वाळू आली. हिरवी पिशवी मारितच्या पाठीवर गप्प होती. आज हातात मी होते. मी तिला विचारलं, "काय गं, आज डाग नाही पडला?"

संध्याकाळी मारित उकडलेलं पायाचं मांस विकणाऱ्या एका गाडीपाशी थांबली. गाडीवाला त्यावर लिंबू पिळत होता. त्याचं लक्ष माझ्याकडे गेलं आणि त्याचा हात थांबला.

"ही कुठून आणलीस?"

"भेट मिळाली. मी सुंदर म्हटलं, तर त्या म्हणाल्या, तुझीच आहे."

गाडीवाल्यानं माझ्या मुठीवरची दोर घासल्याची खोल खूण अंगठ्यानं चाचपली. "हे बघ. ही रोज उतरणारी टोपली आहे. आम्ही सगळेच म्हणतो, तुझीच आहे. माझी सासू माझ्याबद्दलही म्हणते. कोणी नेत नाही. वर कोण राहतं?"

"एक आजी. त्यांना जिना उतरता येत नाही."

"मग आज त्या बाईनं काय खाल्लं असेल?"

मारितनं पैसे ठेवले, मांस तसंच ठेवलं आणि ती धावत सुटली. मला मात्र अजून पुढे जायचं होतं. दिवे आत्ता कुठे लागत होते.

गल्लीत पोचलो, तर वाण्याचं दुकान बंद. जिन्यावर माणसंच माणसं. झालं होतं असं, की सकाळी आठला टोपली उतरली नाही. कार्मिनेनं तीन हाका मारल्या. आमच्या गल्लीत याचा एकच अर्थ होतो. त्यानं शटर ओढलं, फादर साबातोंना मरणाऱ्याला लावायचं पवित्र तेल घेऊन बोलावलं, आणि ते तिसऱ्या मजल्यापर्यंत चढता चढता अंत्यप्रार्थना गाऊ लागले. इकडे मोकळा दोर पाहून दोन्नांना कोणाला काही सांगण्याची लाज वाटली होती. रेडिओ मोठा लावून त्या न्हात बसल्या होत्या. दार उघडलं तेव्हा केस ओले.

"सूर छान लागलाय, फादर," त्या म्हणाल्या, "पण थोडे लवकर आलात."

तेव्हापासून माणसं कॉफी पीत तिथेच होती. कार्मिनेचे डोळे अजून लाल होते. "पुन्हा असं कराल, तर खरंच मारीन तुम्हाला," तो म्हणत होता.

हे सगळं मी ऐकलं ते नंतर. कारण आत शिरताच मला आधी दिसली ती गॅलरी. माझ्या दोराला एक निळी प्लास्टिकची बादली बांधलेली होती. तिच्यात पाव होता.

मित्रांनो, पिशवीचा हेवा मला दहा दिवस कुरतडत होता. पण त्या बादलीनं जे केलं, ते कोणत्याही समुद्राच्या वासानं केलं नव्हतं. सगळं शहर माझ्या पोटात होतं आणि मला तो एक पाव हवा होता.

मारितनं मला टेबलावर ठेवलं. "दोन्ना, माझी चूक झाली. घ्या परत."

"दिलेलं मी परत घेत नाही," दोन्ना ताठ बसून म्हणाल्या. "लोक काय म्हणतील?" त्यांची नजर मात्र माझ्यावरून हलत नव्हती.

मारित गॅलरीकडे वळली. बादलीच्या कडेवर बोट फिरवत म्हणाली, "दोन्ना नुन्त्सिया, ही बादली किती सुंदर आहे."

दोन्नांच्या ओठाचा कोपरा हलला. "तुझीच समज, पोरी."

"खरंच?"

"खरंच. आणि लवकर ने."

मारितनं पाव काढून माझ्यात ठेवला, बादली सोडली आणि त्या गाठीत मला बांधलं. "आता हात भरले," ती म्हणाली. "टोपली न्यायला हातच नाही उरला." फादर साबातो इतके हसले, की त्यांच्या हातातली तेलाची बाटली कार्मिनेला धरावी लागली.

बादली त्याच रात्री विमानानं गेली. खोटं कशाला बोलू, थोडं पोटात दुखलं.

मित्रांनो, तुम्ही मोठं शहर पाहायला जाल. खूप हिंडा, खूप खा, रात्री चौकात गा. पण एखाद्या गल्लीत वरून टोपली उतरताना दिसली, तर आधी तिच्यातली चिठ्ठी वाचा. आणि रोज उतरणारी टोपली एखाद्या सकाळी उतरली नाही, तर उगाच भिडस्तपणा करू नका. जिना चढा आणि दार वाजवा.