इबुरीचं कासव

सेगावांना निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी त्यांची कीर्ती ओसरली नव्हती, आणि ती सगळी एका कासवाच्या मरणावर उभी होती. तरुणपणी क्योतोतल्या एका कंपनीत त्यांनी मुलांसाठी व्हिडिओ गेम केला. त्यात इबुरी नावाचा एक आगाऊ प्रतिस्पर्धी आपले पाळीव प्राणी घेऊन खेळणाऱ्याशी पाच वेळा झुंजायचा. तिसऱ्या झुंजीपर्यंत त्याच्याकडे गोन नावाचं कासव असे. चौथीला ते नसे, आणि इबुरी त्याबद्दल चकार शब्द काढत नसे.

एवढ्यावर चाहत्यांनी अख्खं पुराण रचलं. तिसऱ्या झुंजीत, पुलावर, खेळणाऱ्याच्याच हातून गोन मेला म्हणे. इबुरीचा काळा सदरा सुतकाचा म्हणे. सदरा पहिल्यापासून काळाच होता, पण ऐकतो कोण? सेगावांना विचारलं की ते मंद हसायचे, आणि लोक त्या हसण्यावर लेख लिहायचे. रविवारी तर ओसाकात त्यांचं भाषण होतं, विषय 'मुलांच्या खेळातला मृत्यू'.

शुक्रवारी सकाळी त्यांची बायको तोशिए पूर्वजांच्या देव्हाऱ्यापुढे भात ठेवायला गेली, आणि तिथूनच तिने हाक मारली.

"अहो, जरा इकडे या. मामंजींना सोबत आलीय."

वडिलांच्या फोटोशेजारी खडूने काढलेलं कासवाचं चित्र होतं, समोर एक सोललेलं संत्रं. हा उद्योग सुट्टीला आलेल्या नातीचा, आठ वर्षांच्या नागीचा. तिने आदल्या दिवशी तिसरी झुंज जिंकली होती आणि मग कुठेतरी ते पुराण वाचलं होतं. तिचे डोळे रडून सुजले होते.

"मी मारलं त्याला," ती म्हणाली.

कुणीच मेलं नाही, असं सेगावांनी सांगून पाहिलं. मग गोन गेला कुठे, असं तिने विचारलं. सवयीने ते मंद हसायला लागले.

"ते हसू रविवारसाठी ठेवा," तोशिए म्हणाली. "पोरीला खरं सांगा."

खरं सांगायचं म्हणजे अठ्ठावीस वर्षांची कमाई घालवायची, कारण नागीच्या पोटात काही राहत नसे. पण त्या सुजलेल्या डोळ्यांपुढे त्यांचा निभाव लागेना. ते चटईवर बसले आणि सांगून मोकळे झाले. शेवटच्या धावपळीच्या आठवड्यात चौथ्या झुंजीची यादी त्यांनी भरली आणि तीत गोनला घालायचं राहिलं. लक्षात आलं तोवर गेमचे खोके दुकानात पोचले होते.

"विसरलो मी त्याला," ते म्हणाले.

नागीने नाक पुसलं.

"इबुरीला हे माहीत आहे?"

"नाही."

"म्हणजे तो अजून शोधतोय."

अठ्ठावीस वर्षांत हे कुणीच म्हटलं नव्हतं.

रविवारी तीनशे लोकांसमोर त्यांनी भाषणाचा कागद बाजूला ठेवला, चूक कबूल केली आणि कमरेत पुरते वाकून माफी मागितली. मग एक दाढीवाला उठला.

"सर, आमचं दुःख हलकं व्हावं म्हणून तुम्ही चूक स्वतःवर घेताय."

टाळ्यांचा कडकडाट झाला, कित्येकांनी डोळे पुसले. अशी कीर्ती सेगावांना जन्मात मिळाली नव्हती, आणि शरमेने त्यांचे कान तापले. पहिल्या रांगेत नागी तेवढी हात बांधून बसली होती.

"त्यांना कळलं नाही, आजोबा," ती म्हणाली. "परत सांगा."

सेगावा पुन्हा वाकले.