सातची न संपणारी बाटली

पेनापेक्षा थोडा जाड, पिवळ्या अंगाचा आणि टोकाला काचेची इवलीशी गोळी असलेला मी एक जुना मीटर आहे, मित्रांनो. पाण्यात बुडवले की पाणी कसे आहे ते आकड्यात सांगायचे, हे माझे काम. सात म्हणजे अगदी मधोमध. साताच्या खाली पाणी आम्ल होत जाते, वर आम्लारी. एवढेच माझे ज्ञान, पण त्यानेच मी जन्मभर थक्क होत आलो आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईने माझी काचेची गोळी उजेडासमोर धरली, भिंग लावून पाहिली आणि मला दोन पेल्यांत आळीपाळीने बुडवले. दोन्हींतले पाणी सारखेच नितळ होते. तरी एका पेल्यात माझ्या अंगातून सात उमटला आणि दुसऱ्यात चार! डोळ्यांना न दिसणारे मला दिसते, हे कळल्यावर मी पार हरखून गेलो.

पुढे मी आलो दोन जावांच्या घरी. तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत त्यांनी भिंतीभर काचेच्या टाक्या मांडल्या होत्या. दोघी शोभेचे मासे वाढवून दुकानांना देत. थोरली तोंडाने फटकळ, हाताने काटकसरी; धाकटी कमी बोलणारी, पण टाकीसमोर बसली की तासभर न हलणारी. हळूहळू मी घरचाच झालो. पाहुणे आले की थोरली मला दाखवून म्हणायची, "हा आमचा शहाणा. याच्याशिवाय आमच्या माशांचं पान हलत नाही!" मी फुगून जायचो.

पण शहाण्यालाही कोणीतरी ताळ्यावर ठेवावे लागते. वापरता वापरता माझा आकडा हळूहळू सरकतो. म्हणून अधूनमधून मला बाटलीतल्या खास द्रावणात बुडवायचे. एक बाटली चारची, एक सातची. सातच्या द्रावणात मी सात दाखवला नाही, तर माझ्या पाठीतला बारीक स्क्रू फिरवायचा. याला कॅलिब्रेशन म्हणतात. थोरली म्हणायची, "आण त्याला, कान पिळते त्याचा."

कान पिळायचे काम तिचेच. आधी चारमध्ये बुडवायची आणि तसाच ओला मला सातच्या वाटीत. मग वाटीतले द्रावण परत बाटलीत! धाकटी एकदा म्हणाली, "जाऊबाई, वापरलेलं टाकून द्यायचं असतं ना?" थोरलीने उडवून लावले, "वापरलं म्हणून ते काय शिळं झालं? थेंबे थेंबे तळे साचे!" कपाटात नवी, सीलबंद बाटली होती, पण जुनी संपल्याशिवाय नवी फोडायची नाही, हा तिचा नियम. आणि जुनी काही संपतच नव्हती. थोरलीला त्याचे केवढे कौतुक!

त्याच सुमारास कोपऱ्यातल्या टाकीत 'बाळंतीण' राहायला आली. हे नाव त्यांनी एका निळसर मासोळीला दिले होते. मित्रांनो, ही मासोळी आपली अंडी तोंडात धरते. पिल्ले मोठी होईपर्यंत ती काही म्हणजे काही खात नाही. भुकेने पोट आत गेले तरी तोंड मिटलेले. मी अनेक प्रकारचे पाणी पाहिले, पण असा जीव पाहिला नव्हता. तिला पाणी आठाच्या आसपास लागते, आणि मी रोज आठच सांगत होतो.

तरी बाळंतीण वर येऊन धापा टाकू लागली. धाकटी काळजीत पडली. "जाऊबाई, पाणी बदलू या. हिला सोसत नाहीये."

"मीटर आठ म्हणतोय. तुझा डोळा मोठा की मीटर? उगाच तिला हलवू नकोस."

दुसऱ्या दिवशी तिच्या तोंडातून दोन पिल्ले बाहेर पडली आणि तळाशी निपचित झाली. आता थोरलीचा धीर सुटला. तिने मला उचलले आणि कचऱ्याच्या डब्यावर धरले. "हे डबडंच खोटं बोलतंय!"

"थांबा जरा," धाकटी म्हणाली. "टाकायच्या आधी नवी बाटली फोडून बघते."

तिने मला धुतले, टिपले आणि ताज्या सातमध्ये बुडवले. मी छातीठोकपणे सांगितले, आठ!

ताज्या सातला मी आठ म्हणतो, आणि टाकीतल्या पाण्यालाही आठच. म्हणजे टाकीतले पाणी सातवर आले होते. जुन्या बाटलीतला सात चारच्या थेंबाथेंबाने कधीच बाटून सहावर घसरला होता, आणि त्या बाटलेल्या साताशी जुळावे म्हणून माझा कान चुकीचा पिळला जात होता.

थोरली मटकन बसली. "मी जपायला गेले गं."

"हिला अजून जपता येईल," धाकटी म्हणाली. "उठा."

माझा स्क्रू फिरला. मग दोघींनी आकडा वर नेणारे, शिंपल्यांचा चुरा मुरवलेले पाणी तांब्या तांब्याने टाकीत सोडायला घेतले. घाई केली असती तर त्या धक्क्यानेच बाळंतीण गेली असती. प्रत्येक तांब्यानंतर मी आत. संध्याकाळी तिची धाप उतरली, तेव्हा थोरली पदराने डोळे पुसत होती.

काही दिवसांनी बाळंतिणीने तोंड उघडले. आतून एकेक पिल्लू बाहेर आले, तांदळाच्या कणीएवढे. थोरलीने मला आत सोडले, माझी सावली पडली आणि सगळी पिल्ले क्षणात आईच्या तोंडात परत! एवढा विश्वास मी कुठल्याच पाण्यात मोजला नव्हता. त्या दिवशी थोरलीने वाटीतले वापरलेले द्रावण मोरीत ओतले. हात जरा अडखळला तिचा, पण ओतले.

मित्रांनो, मला ओला ठेवा, उन्हात टाकू नका, गोळी घासू नका. पण सगळ्यात आधी मला ताज्या सातमध्ये बुडवून तपासा. माझे चुकले तर मला काहीच होत नाही, मी तितक्याच ठामपणे आकडा सांगतो. होते ते तोंडात पिल्ले धरून उपाशी राहिलेल्या एखाद्या आईला.